कर्नल अपडेटनंतर एनव्हिडियाचे कार्ड ओळखले जात नाही: कारणे, तपासणी आणि दुरुस्ती

लिनक्सवर काम करणाऱ्या खानदेशातील दोन प्रकारच्या मंडळींकडून एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. जळगाव, अमळनेर, चोपडा या भागांत लग्नाच्या चित्रीकरणाचे आणि अहिराणी गाण्यांच्या व्हिडिओंचे एडिटिंग करणारे स्टुडिओचालक ही पहिली मंडळी. शिरपूर, धुळे, जळगाव येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांत मशीन लर्निंगच्या प्रकल्पांसाठी कूडा, म्हणजे एनव्हिडियाच्या कार्डावर गणना करण्याची प्रणाली, वापरणारे विद्यार्थी ही दुसरी. तक्रारीचे शब्दही ठरलेले असतात: "भाऊ, काल बेस चालू व्हतं, आज पडदा काया व्हई गया." मधल्या रात्री संगणकाने स्वतःहून अपडेट घेतलेले असते आणि त्यात कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बदललेला असतो. एवढीच गोष्ट बहुतेक वेळा सांगायची राहून जाते.

लक्षणे मात्र प्रत्येक यंत्रावर वेगळी दिसतात. कुठे लॉगिनचा पडदा येतो, पण पासवर्ड टाकल्यावर पुन्हा तोच पडदा येतो. कुठे डेस्कटॉप उघडतो, पण चित्र मोठे आणि भरड दिसते. लॅपटॉपवर तर पडदा अगदी नीट चालतो, कारण तो प्रोसेसरमधील इंटेल किंवा एएमडीच्या ग्राफिक्सवर चालत असतो. फक्त एचडीएमआयला जोडलेला बाहेरचा मॉनिटर दिसेनासा होतो आणि कूडाचा प्रोग्राम कार्ड सापडत नसल्याचे सांगतो. 'एनव्हिडिया-एसएमआय' ही आज्ञा दिली, तर ड्रायव्हरशी संपर्क होऊ शकला नाही असा संदेश येतो.

अशा वेळी आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो तो फॉरमॅट मारण्याचा. तो सल्ला मी ठामपणे चुकीचा मानतो. फॉरमॅट केल्यावर यंत्र चालू होते हे खरे. परंतु बिघाडाचे कारण जागेवरच राहते आणि पुढच्या कर्नल अपडेटला तीच अडचण परत येते. शिवाय ग्राहकाचे अर्धवट संपादित प्रकल्प, फाँट, प्लगइन आणि विद्यार्थ्याने महिनाभर खपून उभे केलेले पायथनचे वातावरण नाहक जाते. कारण शोधण्यासाठी चार-पाच आज्ञा पुरतात. या लेखात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकाव्यात.

हे मुळात का घडते

लिनक्स कर्नल आपल्या बाहेरच्या बाजूने, म्हणजे सामान्य प्रोग्रामांसाठी, फार स्थिर असतो. जुना प्रोग्राम नव्या कर्नलवर चालला पाहिजे हा तेथे कटाक्षाने पाळला जाणारा नियम आहे. आतल्या बाजूला मात्र असे कोणतेही वचन दिलेले नाही. कर्नलमधील फंक्शनांची नावे, त्यांना द्यावयाची माहिती आणि अंतर्गत रचना विकासकांना योग्य वाटेल तेव्हा बदलतात. हे धोरण ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी कर्नलच्या अधिकृत दस्तऐवजांत सविस्तर मांडलेले आहे. जो ड्रायव्हर कर्नलच्या स्वतःच्या संहितेत (सोर्स कोडमध्ये) समाविष्ट आहे, त्याला या बदलांचा त्रास होत नाही, कारण बदल करणाराच तो ड्रायव्हरही त्याच वेळी दुरुस्त करतो. एएमडीचा 'एएमडीजीपीयू' आणि इंटेलचा 'आय९१५' हे असे आतले ड्रायव्हर आहेत.

एनव्हिडियाचा ड्रायव्हर बाहेरचा आहे. त्याचे मॉड्यूल, म्हणजे कर्नलमध्ये चढवायचा ड्रायव्हरचा भाग, ज्या कर्नलसाठी बांधले (कंपाइल केले) असेल, त्याच कर्नलमध्ये ते चढते. प्रत्येक मॉड्यूलवर कर्नलच्या आवृत्तीचा शिक्का असतो आणि तो जुळला नाही तर कर्नल मॉड्यूल घेतच नाही. म्हणून प्रत्येक नव्या कर्नलसाठी मॉड्यूल नव्याने बांधणे भाग असते. हे काम आपोआप व्हावे यासाठी डेल कंपनीच्या अभियंत्यांनी २००३ मध्ये डीकेएमएस ही यंत्रणा सुरू केली. नवा कर्नल आला की ती ड्रायव्हरची संहिता घेते, त्या कर्नलच्या हेडर फायलींच्या, म्हणजे त्याच्या अंतर्गत रचनेचे वर्णन असलेल्या फायलींच्या, आधारे मॉड्यूल बांधते आणि योग्य जागी ठेवते. म्हणजे कर्नल, हेडर, कंपायलर, ड्रायव्हरची आवृत्ती आणि सिक्युअर बूट (स्वाक्षरी नसलेली संहिता सुरुवातीला रोखणारी सोय) चालू असेल तर स्वाक्षरी, अशी ही साखळी आहे. यातील एक कडी निसटली तरी पडदा काळा होतो, आणि दुरुस्ती म्हणजे ती कडी कोणती हे शोधणे.

मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने आपल्या कर्नल मॉड्यूलची संहिता खुली केली. आरटीएक्स २० आणि जीटीएक्स १६ मालिकेपासून पुढच्या कार्डांवर ही खुली मॉड्यूल चालतात, आणि ५० मालिकेच्या कार्डांना तर तीच लागतात. तरीही ती कर्नलच्या बाहेरच आहेत, त्यामुळे पुन्हा बांधण्याची गरज संपलेली नाही. संहिता खुली झाली म्हणजे ही अडचण मिटली, असा समज करून घेऊ नये.

लिनक्स वितरणाच्या (उबुंटू, डेबियन यांसारख्या तयार संचाच्या) अगदी स्थिर शाखेतही असे होऊ शकते, याचे ठळक उदाहरण १० फेब्रुवारी २०२४ रोजी आलेल्या डेबियन १२.५ चे आहे. त्यातील ६.१.७६ या कर्नलमध्ये एका लहानशा दुरुस्तीमुळे स्मृतीची तपासणी करणारे एक फंक्शन अशा चिन्हावर अवलंबून राहू लागले की जे केवळ जीपीएल या खुल्या परवान्याच्या मॉड्यूलांनाच वापरता येते. एनव्हिडियाचे मालकीहक्काचे मॉड्यूल त्यामुळे बांधलेच जाईना. वापरणाऱ्याकडून काहीही चुकले नव्हते. डेबियनने लवकरच ड्रायव्हरचे सुधारित पॅकेज दिले. तोपर्यंत ज्यांच्याकडे आधीचा कर्नल शिल्लक होता, त्यांचे काम थांबले नाही.

आधी काम सुरू करा

ग्राहक समोर बसलेला असेल किंवा दुसऱ्या दिवशी प्रकल्प सादर करायचा असेल, तर कारणाचा शोध नंतर घ्यावा. यंत्र सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप कळ दाबून ग्रबची, म्हणजे कर्नल निवडून यंत्र सुरू करणाऱ्या प्रोग्रामची, यादी आणावी, त्यातील 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघडावे आणि आधीच्या क्रमांकाचा कर्नल निवडावा. त्या कर्नलसाठी बांधलेले मॉड्यूल डिस्कवर तसेच असते, म्हणून बहुधा सर्व काही पूर्ववत चालते. जुना कर्नल चालला आणि नवा चालला नाही, एवढ्यानेच कार्ड खराब नसल्याचेही सिद्ध होते, आणि कार्ड दुरुस्तीला नेण्याचा खर्च वाचतो.

जुना कर्नल काढून टाकलेला असेल, तर ग्रबमध्ये ई कळ दाबून 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' लिहावे आणि एफ१० दाबावे. चित्र साधे दिसेल, पण टर्मिनलपर्यंत पोहोचता येईल. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून मिळणारा मजकुराचा पडदाही याच कामासाठी असतो.

तपासणीचा क्रम

पहिली आज्ञा 'यूनेम -आर'. चालू कर्नलचा नेमका क्रमांक ती सांगते; तो कागदावर लिहून ठेवावा, कारण पुढच्या प्रत्येक पायरीवर त्याच्याशी ताळा करायचा आहे. दुसरी आज्ञा 'डीकेएमएस स्टेटस'. तिच्या उत्तरात एनव्हिडियाची आवृत्ती, कर्नलचा क्रमांक आणि शेवटी 'इन्स्टॉल्ड' हा शब्द एका ओळीत दिसला पाहिजे. जुन्या कर्नलची ओळ आहे आणि नव्याची नाही, किंवा फक्त 'ॲडेड' एवढेच लिहिले आहे, तर मॉड्यूल बांधले गेलेले नाही. उबुंटूवर मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी: तेथे आधीच बांधून स्वाक्षरी केलेली मॉड्यूल 'लिनक्स-मॉड्यूल्स-एनव्हिडिया' या नावाच्या पॅकेजांतून मिळतात, आणि ती वापरात असतील तर डीकेएमएसचे उत्तर रिकामे येणे हा बिघाड नव्हे. म्हणून 'मॉडइन्फो एनव्हिडिया' ही आज्ञाही द्यावी. मॉड्यूल सापडत नाही असे तिने सांगितले, तर चालू कर्नलसाठी मॉड्यूल खरोखरच नाही.

मॉड्यूल आहे, पण 'एलएसमॉड' या आज्ञेने मिळणाऱ्या चढलेल्या मॉड्यूलांच्या यादीत ते दिसत नाही, तर ते बांधले गेले असूनही कर्नलने स्वीकारलेले नाही. तेव्हा 'सुडो मॉडप्रोब एनव्हिडिया' असे हाताने चढवून पाहावे आणि येणारा संदेश जसाच्या तसा वाचावा. जुन्या कर्नलवर परतून तपासणी करत असाल, तर 'जर्नलसीटीएल -के -बी -१' या आज्ञेने मागच्या, म्हणजे फसलेल्या सुरुवातीची नोंद पाहता येते. या आज्ञेचा उपयोग फार कमी लोक करतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त माहिती तीच देते.

मॉड्यूल बांधले गेले नसेल तर

सर्वांत साधे आणि सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे हेडर नसणे. कोणीतरी एकदा विशिष्ट क्रमांकाचे हेडर बसवलेले असतात; नवा कर्नल येतो, पण त्याचे हेडर येत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे क्रमांकाचे पॅकेज न बसवता सर्वसमावेशक पॅकेज बसवणे: उबुंटूच्या मूळ कर्नलसाठी 'लिनक्स-हेडर्स-जेनेरिक', आणि एचडब्ल्यूई (नव्या हार्डवेअरसाठी दिला जाणारा, पुढच्या आवृत्तीचा) कर्नल असल्यास 'लिनक्स-हेडर्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२२.०४' किंवा २४.०४. त्यानंतर 'सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल' दिले की राहिलेले मॉड्यूल बांधले जाते. आधीच बांधलेल्या मॉड्यूलांच्या पॅकेजालाही हाच नियम लागू आहे. केवळ एका कर्नलचे पॅकेज बसवले, तर पुढच्या कर्नलला ते आपोआप येत नाही.

दुसरे कारण कंपायलरचे, म्हणजे संहितेपासून मॉड्यूल बांधणाऱ्या प्रोग्रामचे. उबुंटू २२.०४ वर एचडब्ल्यूई मालिकेतून ६.५ हा कर्नल आला तेव्हा तो जीसीसी १२ ने बांधलेला होता, आणि यंत्रावर मात्र जीसीसी ११ हाच मूळ कंपायलर होता. नव्या कर्नलला लागणारा एक पर्याय जुन्या कंपायलरला ठाऊकच नव्हता, म्हणून बांधणी 'अनरेकग्नाइज्ड कमांड-लाइन ऑप्शन' असा संदेश देऊन थांबत असे. 'जीसीसी-१२' बसवून बांधणी पुन्हा केली की काम होत असे. अशा प्रकारच्या चुका व्हार, लिब, डीकेएमएस, एनव्हिडिया या फोल्डरांच्या मार्गाने गेल्यावर 'मेक.लॉग' या फायलीत सापडतात. ती फाइल लांबलचक असते. तळापासून वर वाचत जावे आणि 'एरर' हा शब्द जेथे सर्वांत आधी आला असेल ती ओळ धरावी, कारण नंतरच्या बहुतेक चुका तिच्यातूनच उद्भवलेल्या असतात.

तिसरे कारण जास्त अवघड आहे, आणि आपल्या भागात जुनी यंत्रे दीर्घकाळ वापरात राहत असल्याने ते वारंवार भेटते. कार्ड जुने असल्यामुळे त्याचा ड्रायव्हर जुन्या शाखेवर थांबलेला असतो, कर्नल मात्र पुढे जात राहतो. फर्मी पिढीच्या कार्डांसाठीची ३९० ही शाखा २०२२ च्या अखेरीस बंद झाली. केप्लर पिढीसाठीची ४७० शाखा २०२४ मध्ये थांबली. जीटी ७१० हे सर्रास दिसणारे कार्ड केप्लरचेच आहे. जीटीएक्स ७५० टीआय आणि १०५० टीआय यांच्या मॅक्सवेल व पास्कल पिढ्यांसाठी ५८० ही शेवटची शाखा असेल, असे एनव्हिडियाने जाहीर केलेले आहे. शाखा बंद झाल्यावर नव्या कर्नलसाठीचे बदल त्या ड्रायव्हरमध्ये कोणी अधिकृतपणे करत नाही, आणि मग हेडर, कंपायलर सर्व नीट असूनही बांधणी फसते. येथे तीनच मार्ग उरतात. जुना पण सुरक्षा दुरुस्त्या मिळणारा दीर्घकालीन कर्नल धरून राहणे, हा पहिला, उबुंटू २२.०४ चा मूळ ५.१५ कर्नल त्यासाठी योग्य असून त्याचा सर्वसाधारण आधार एप्रिल २०२७ पर्यंत आहे. नुवो या कर्नलमधील खुल्या ड्रायव्हरवर जाणे हा दुसरा; त्यावर कार्यालयीन काम आणि साधे व्हिडिओ पाहणे नीट होते, परंतु कूडा चालत नाही, त्यामुळे एडिटिंगच्या यंत्राला तो उपयोगाचा नाही. तिसरा मार्ग कार्ड बदलण्याचा. कोठून तरी मिळालेले पॅच लावून जुना ड्रायव्हर नव्या कर्नलवर ओढून नेण्याचा मार्गही आहे, पण ज्या यंत्रावर पोट अवलंबून आहे त्यावर तो अवलंबू नये.

मॉड्यूल आहे, पण कर्नल घेत नाही

'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असा संदेश आला, तर कारण सिक्युअर बूट आहे. 'मोकयूटिल --एसबी-स्टेट' या आज्ञेने ते चालू आहे की नाही हे कळते. डीकेएमएसने बांधलेल्या मॉड्यूलवर यंत्राच्या स्वतःच्या किल्लीने स्वाक्षरी होते, पण ती किल्ली फर्मवेअरच्या बाजूने एकदा मान्य करून घ्यावी लागते. ड्रायव्हर बसवताना उबुंटू एक पासवर्ड ठरवायला सांगते आणि पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना निळ्या पार्श्वभूमीचा पडदा येतो. तेथे 'एन्रोल मोक' (मोक म्हणजे यंत्राच्या मालकाची किल्ली) निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. हा पडदा काही सेकंदच थांबतो. घाबरून किंवा दुर्लक्ष झाल्यामुळे अनेक जण तो जाऊ देतात, यंत्र नेहमीसारखे सुरू होते आणि कार्ड मात्र मुके राहते. 'सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी --एन्रोल-की' ही आज्ञा दिल्यास तो पडदा पुन्हा आणता येतो. त्या पडद्यावर कळफलकाची मांडणी अमेरिकी असते, म्हणून पासवर्डमध्ये चिन्हे न घेता साधी अक्षरे आणि अंक घ्यावेत. आधीच बांधलेली पॅकेजे वितरणाच्या किल्लीने स्वाक्षरित असल्यामुळे त्यांना हा प्रश्नच येत नाही, आणि स्टुडिओसाठी मी तीच सुचवतो.

'ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच' हा संदेश वाचायला भीतिदायक वाटतो, पण त्याचा अर्थ एवढाच की ड्रायव्हरच्या वरच्या लायब्ररी अद्ययावत झाल्या आहेत आणि स्मृतीत जुने मॉड्यूल अजून चालू आहे. यंत्र रीस्टार्ट करावे. बाकी काही करू नये.

एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरून उतरवलेली 'रन' फाइल चालवून ड्रायव्हर बसवलेला असेल, तर आधी तिच्याच '--अनइन्स्टॉल' पर्यायाने तो काढावा आणि मग वितरणाचे पॅकेज बसवावे. रन फाइल बसवताना डीकेएमएसचा पर्याय नाकारलेला असला, तर प्रत्येक कर्नल अपडेटला पडदा जाणार हे ठरलेलेच आहे. आणि दोन्ही पद्धती एकमेकींवर बसवल्या, तर लायब्ररींची अशी सरमिसळ होते की वरच्या तपासणीची उत्तरेही विश्वासार्ह राहत नाहीत.

वीज, जागा आणि ऊन

अपडेट चालू असताना वीज गेली, तर पॅकेजे अर्धवट बसलेली राहतात. अशा यंत्रावर ड्रायव्हरची चर्चा करण्यापूर्वी 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' आणि त्यानंतर 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल -एफ' द्यावे. पुष्कळदा राहिलेली बांधणी त्यातच पूर्ण होते. 'बूट' हे विभाजन वेगळे आणि लहान असेल, तर ते जुन्या कर्नलांनी भरून जाते आणि नव्या कर्नलची, यंत्र सुरू होताना लागणारी प्रतिमा फाइल अर्धवट लिहिली जाते. 'डीएफ -एच' ने जागा पाहावी, 'सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह' ने जुने कर्नल काढावेत, पण चालत असलेला एक जुना कर्नल हमखास ठेवावा.

उन्हाळ्यात आणखी एक गल्लत होते. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या छताखालच्या स्टुडिओत लांब रेंडर चालू असताना कार्ड अचानक नाहीसे होते. त्याआधी योगायोगाने अपडेट झालेले असले, की दोष कर्नलवर जातो. दोन्हींतील फरक वेळेवरून ओळखता येतो. मॉड्यूलचा बिघाड यंत्र सुरू होतानाच आणि दर वेळी दिसतो. उष्णतेचा किंवा वीजपुरवठ्याचा बिघाड काम जोरात असताना काही वेळाने दिसतो. कर्नलच्या नोंदीत 'एक्सआयडी ७९' आणि कार्ड बसवरून निसटल्याचा उल्लेख असेल, तर ड्रायव्हर पुन्हा बसवण्यात वेळ घालवू नये. पंखा, धूळ, पॉवर सप्लाय आणि कार्डाची बैठक तपासावी.

पुन्हा होऊ नये म्हणून

रोजच्या धंद्याच्या यंत्रावर दर काही महिन्यांनी मुख्य आवृत्ती बदलणारा एचडब्ल्यूई कर्नल घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नवे हार्डवेअर ओळखण्यासाठी त्याची गरज नसेल, तर 'लिनक्स-जेनेरिक' हे पॅकेज बसवून मूळ दीर्घकालीन कर्नलवर राहावे. सुरक्षा दुरुस्त्या त्यालाही मिळतात. उबुंटूचा डेस्कटॉप मात्र एचडब्ल्यूई घेऊनच बसतो, म्हणून हा बदल आपणहून करावा लागतो.

लग्नसराई किंवा परीक्षेच्या काळात कर्नल आणि ड्रायव्हर दोन्ही 'ॲप्ट-मार्क होल्ड' ने रोखून धरता येतात. दोन्ही एकत्रच रोखावेत; एकच रोखला तर ताळा सुटतो. हंगाम संपला की 'अनहोल्ड' करणे विसरू नये, कारण रोखलेल्या कर्नलला सुरक्षा दुरुस्त्याही मिळत नाहीत. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांनी 'सुडो ॲप्ट फुल-अपग्रेड --डाउनलोड-ओन्ली' ने आधी पॅकेजे उतरवून ठेवावीत आणि इन्व्हर्टर किंवा यूपीएस पूर्ण भरलेला असताना ती बसवावीत. बसवून झाल्यावर लगेच रीस्टार्ट न करता 'डीकेएमएस स्टेटस' मध्ये नव्या कर्नलची ओळ आली आहे का हे पाहावे. आधीच बांधलेली पॅकेजे असतील, तर 'मॉडइन्फो -के' नंतर नव्या कर्नलचा क्रमांक आणि शेवटी 'एनव्हिडिया' लिहून पाहावे. ही एक सवय काळा पडदा येण्याआधीच बिघाड दाखवते.

फेडोरावर डीकेएमएसऐवजी आरपीएम फ्यूजनचे 'एकेमॉड' वापरले जाते आणि त्याची बांधणी अपडेटनंतर पार्श्वभूमीत काही मिनिटे चालते, तेव्हा तेथे तर घाईने रीस्टार्ट करूच नये. एएमडीच्या कार्डांवर मॉड्यूल बांधण्याचा प्रश्न नसतो; नव्या कर्नलवर अडचण आली, तर 'लिनक्स-फर्मवेअर' हे पॅकेज अद्ययावत आहे का, हे आधी तपासावे.

इतके करूनही उलगडा झाला नाही आणि कोणाची मदत घ्यायची वेळ आली, तर चालू कर्नलचा क्रमांक, कार्डाचे नाव, ड्रायव्हरची आवृत्ती आणि तो बसवण्याची पद्धत, 'डीकेएमएस स्टेटस' चे उत्तर, सिक्युअर बूटची स्थिती आणि 'मेक.लॉग' मधील पहिली चूक एवढी माहिती मजकुराच्या स्वरूपात पाठवावी. काळ्या पडद्याच्या छायाचित्रावरून कोणालाही काही सांगता येत नाही.